भांडणातला ओंडका

लहान्या, मी तुझ्यावर अजून चिडलेलाच आहे. माणूस गेला की राग गिळायचा असतो, चार बरे शब्द बोलायचे असतात, हे मलाही कळतं. तुझ्या पाड्यावर सगळे बोललेच की. लहानू कष्टाळू होता, लहानू कुणाच्या अध्यात ना मध्यात, लहानूनं कधी ओल्या झाडाला कोयता लावला नाही. मी आपला खाली मान घालून बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर भांडणच बाहेर पडलं असतं, आणि मेलेल्या माणसाशी भांडणारा म्हणून लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

म्हणून आता घरी बसून बोलतोय. सरावलीतल्या आमच्या खोलीमागं, बंबाजवळ, तू बसायचास त्या दगडावर. शेजारी लाकडं रचलेली आहेत. अर्धी तू ओळखलेली, अर्धी मी. ज्या जागी तो ओंडका महिनाभर पडून होता, तिथं मातीत अजून त्याचा ठसा आहे. माझ्या बायकोनं, मंगलनं दोनदा झाडून काढला, तरी दिसतो.

तुझी माझी सुरुवातच मुळात चीड आणणारी होती. मी माणदेशातला. आमच्याकडं झाडं तीन: बाभूळ, बोर आणि लिंब. चौथं दिसलं की आम्ही नाव विचारत नाही, सावलीला बसून घेतो. पोटासाठी बोईसरला आलो आणि कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर लागलो. तेव्हा बॉयलर लाकडावर चालायचा. तू ठेकेदाराकडं, ट्रकमधून लाकूड उतरवायला. एका दुपारी काही केल्या वाफ चढेना. काटा जागचा हलत नव्हता, भट्टीतून नुसता धूर, आणि सुपरवायझर माझ्या कानाशी ओरडत होता, "अरे प्रेशर कहाँ है? माल खराब हो जाएगा!" तू लांबून बघत होतास. सावकाश आलास, एक ओंडका उचलून दुसऱ्यावर आपटलास आणि म्हणालास, "ह्याच्यात शेमट भरलाय, आतली ओल. ह्यो रडंल, जळणार नाय." मग ढिगातून दहा-बारा ओंडके बाजूला काढून दिलेस. अर्ध्या तासात काटा वर.

मी तुला चहा पाजला आणि विचारलं, "कसं ओळखलंस?"

"वाजतो ना तो."

बस. एवढंच उत्तर. मी घरी येऊन रात्रीच्या जेवणाआधी चार लाकडं एकमेकांवर आपटून बघितली. मला सगळी सारखीच वाजली. मंगल म्हणाली, काय चाललंय, भजन आहे का? त्या दिवसापासून पंचवीस वर्षं तू मला एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाहीस.

पुढं लाकडाचा बॉयलर गेला, गॅसचा आला. मला गॅसचा काटा बघायला ठेवलं आणि ठेकेदाराची सगळी माणसं एका शनिवारी घरी पाठवली. कामचुकारही गेले आणि तूही गेलास. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं. मला फार लाज वाटली होती. तुला भेटायला म्हणून मोपेडवरून पाड्यावर आलो, तर तू अंगणात मोळी सोडत बसला होतास. "बायलरदादा," म्हणालास, "घरला पाणी कशावर तापवता?" मी सांगितलं, बंबावर. गॅसवर आंघोळीचं पाणी तापवणं म्हणजे आमच्या मंगलला तुपानं पाय धुतल्यासारखं वाटतं. तू म्हणालास, "मंग पुढच्या रयवारी ये. लाकडाला काय पैसं पडतात काय?"

तेव्हापासून आपले रविवार. डोंगराच्या पायथ्याला, पडलेलं आणि सुकलेलं तेवढंच. निम्मी मोळी तुझ्या चुलीला, निम्मी माझ्या मोपेडवर. मी वही आणायचो. बॉयलरच्या नोंदीचे कागद वाया जायचे, त्यांच्या कोऱ्या बाजूंची शिवलेली वही. तू वहीला फार हसायचास. "वहीत लिवशील, मंग एक दिस वही पण जाळशील. किती पाणी तापंल तिच्यावर?" मी पानं गोळा करून वहीत दाबून ठेवली, तर तुला आणखी हसू. "पान बघून तर बकरी पण वळखते, दादा. पान नसताना सांग."

आणि म्हणून तू मला माघ-फाल्गुनातच शिकवायचास, सगळं रान उघडं पडल्यावर. शिकवायचास म्हणजे काय, मी चुकायचो आणि तू "नाय" म्हणायचास. पुढं काही नाही. मी दुसरं नाव घ्यायचो. "नाय." तिसरं. "नाय." शेवटी मी डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटायचो, तेव्हा कुठं तू झाडाच्या अंगावरून हात फिरवून एखादा शब्द टाकायचास. अशा टाकलेल्या शब्दांवर माझी वही भरली आहे. पांगारा हाताला हलका, कागदासारखा भसकन जळतो आणि संपतो. खैराचा निखारा दुपारपर्यंत राहतो. मोहाच्या सालीला उभ्या भेगा, ऐनाच्या सालीला उभ्या-आडव्या दोन्ही, मगरीच्या पाठीसारखे चौकोन.

मोह आणि ऐन, हीच दोन मला फार छळायची. एकदा कंटाळून मी म्हणालो, "अरे, खात्रीनं कळायला काही आहे का नाही?" तू म्हणालास, "खाऊन बघ." मला वाटलं टिंगल करतोस. मी मोळी तिथंच टाकून चालायला लागलो. तू मागून पळत आलास आणि पहिल्यांदाच चार वाक्यं सलग बोललास. "आमची आई चुना सरला का ऐनाच्या सालीची राख लावायची पानाला. खरंच सांगतो. जीभ पोळली का समजायचं, ऐन. पर ती राख झाल्यावर, दादा. आधी वळखायला पायजे."

आधी का, तेही तूच शिकवलंस. सुरुवातीच्याच एका रविवारी मी मोहाची वाळकी फांदी मोळीत बांधली होती. तू गाठ सोडलीस, फांदी काढलीस आणि जिथली होती तिथं नेऊन ठेवलीस. मी म्हणालो, "पडलेलीच तर होती." "फुलं खातो त्याची, तेल खातो, दारू पितो. आन पडला का चुलीत घालू?" तुझ्या घरात मोह जळत नाही, हे मी त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. पुढं माझ्याही बंबात कधी जळला नाही.

एकदाच तू मला हरलेला दिसलास. सुकी मासळी आणायला आपण समुद्राकाठच्या मुरब्याला गेलो होतो, आठवतं? किनाऱ्यावर वाळूत एक झाड पडलेलं होतं. तू त्याची डहाळी हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतास. "ह्याला पान नाय. दोरा हाय नुसता." मग माझ्याकडं बघून सरळ म्हणालास, "नाय माहीत." मी मासळीवालीला विचारून आलो. ती म्हणाली, "सुरू हाय तो. त्याच्यावर भात चट शिजतो." मी येताना छाती पुढं काढून तुला शिकवलं, सुरू! घरापर्यंत तीनदा शिकवलं. तू काही वाईट वाटून घेतलं नाहीस. तुला ठाऊक नसेल तर तू तसं सांगायचास, ठोकून द्यायचा नाहीस. म्हणूनच तुझ्या "नाय"वर माझा विश्वास होता, समजलं? म्हणूनच मला पुढचं सगळं सहन होत नाही.

गेलं वर्षभर तू बदलला होतास आणि मी गाढवासारखा खूश होतो. आधी तू पुढं चालायचास, मी मागं. यंदा तू म्हणायचास, "चल तू म्होरं." आधी तू झाड दाखवून मला विचारायचास, यंदा मीच झाड गाठायचो आणि तू म्हणायचास, "आधी तू सांग." मी सांगायचो, चौकोनी भेगा आहेत, राखाडी रंग आहे, आत तांबूस आहे. तू ऐकून घ्यायचास, हात फिरवायचास, वास घ्यायचास आणि "बरोबर" म्हणायचास. बरोबर! इतकी वर्षं ज्या शब्दासाठी टोप्या आपटल्या, तो तू दर रविवारी दोन-तीनदा देत होतास. मी मंगलला सांगितलं, लहानूनं मला पास केलं.

आणि मोह. यंदा जिकडं तिकडं मोहच पडलेले. हा मोह हाय, सोड. तो पण मोह हाय, सोड. मी एकदा म्हणालोही, "यंदा रानातले सगळे मोह एकदम झोपले काय रे?" तू हसला नाहीस. मोळ्या लहान झाल्या. मला वाटलं, वय झालं, वाकवत नसेल.

मग तो रविवार. ओहोळाच्या काठाला तो पडला होता, मांडीएवढा जाड, सालीसकट, ठणठणीत सुकलेला. मला लांबूनच दिसलं आणि मी ओरडलो, "ऐन!" तू आलास, तळहात वरून खाली नेलास, एकदाच. "मोह."

"अरे, कुठला मोह? चौकोन बघ की."

"मोह हाय, दादा. सोड."

"हात आडवा फिरव! आडव्या भेगा आहेत!"

"मी सांगतो ना. सोड तो."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझी खात्री होती. शंभर टक्के. आणि तू बघायलासुद्धा तयार नव्हतास. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "डोळे फुटले का तुझे?"

आपल्याकडं कुणीही कुणालाही म्हणतं हे. दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. मी बॉयलरवर पोरांना म्हणतो, मंगल मला म्हणते. पण तू ज्या तऱ्हेनं गप्प झालास ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. तू कोयता कमरेला लावलास आणि बाजूला जाऊन उभा राहिलास. मी हट्टानं तो ओंडका एकट्यानं ओढत मोपेडपर्यंत आणला, दोरीनं बांधला. तू शेवटचं बोललास ते एवढंच: "नेतो तर ने. पर घरात जाळू नको, बायलरदादा."

मी किक मारली आणि निघालो.

पुढचा रविवार मी आलो नाही. म्हटलं, करू दे फोन त्याला. तू केला नाहीस. त्याच्या पुढचाही रविवार मी नाकावर राग घेऊन घरात बसलो, गॅसवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ केली आणि मंगलची बोलणी खाल्ली. तो ओंडका मात्र बंबात घातला नाही. खात्री होती, तरी घातला नाही. तू "जाळू नको" म्हणाला होतास ना. त्या दुसऱ्या रविवारी तू एकटाच गेलास. पडलेल्या फांद्यांत हात घातलास आणि खाली घोणस होती. तुझ्या मुलीनं फोन केला तेव्हा तुला घेऊन गाडी निघाली होती. मी मोपेड काढून हायवेपर्यंत पोचेतो तिचा दुसरा फोन आला.

मला एकच वाटत राहिलं. मी असतो तर पुढं मी चाललो असतो.

त्यानंतर तो ओंडका मला बघवेना. मंगल म्हणाली, "त्यांनी सांगितलं मोह आहे, तर मोह आहे. तुम्ही माणदेशातले, तुम्हाला काय कळतंय? मेलेल्या माणसाचा शब्द आहे. परत नेऊन ठेवा." मलाही तेच पटायला लागलं होतं. लहान्या कधी चुकला का? नाही. मग मीच चुकलो. माझ्या चुकीपायी भांडण झालं आणि भांडणापायी तू एकटा गेलास. परवाच्या रविवारी मी ओंडका पुन्हा मोपेडला बांधला आणि पाड्यावर आणला. तुझ्या मथीपुढं ठेवायचा, माफी मागायची आणि ती म्हणेल त्या झाडाखाली नेऊन ठेवायचा, असं ठरवून.

मथीवहिनी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं दोरी सुटायच्या आतच विचारलं, "ऐन कुठं घावला एवढा?"

मी म्हणालो, "ऐन नाही वहिनी, मोह आहे हा. परत करायला आणलाय."

ती जवळ आली. वाकलीसुद्धा नाही. "कोण बोलतो मोह? ऐन हाय ह्यो. पोराला पण समजंल. ह्या बघा ना आडव्या."

"लहानूनं सांगितलं. हात लावून सांगितलं."

ती तिथंच खाली बसली. पदराचं टोक तोंडाशी धरलं. मग म्हणाली, "त्याला कुठं दिसत होता, दादा? दोन्ही डोळ्यांत पडदा आलता. गेल्या पावसाळ्यापासून धुरकटच दिसायचा. भाकर कुठं, वाटी कुठं, मी सांगायची."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानंच सांगू दिला नाय. बोलला, बायलरदादाला सांगू नको, तो डोकं खाईल, उचलून दवाखान्यात नेईल. आपरेशनला लई घाबरायचा."

खाल्लंच असतं, लहान्या! डोकं खाल्लं असतं, उचलून नेलं असतं, टेबलावर आडवा केला असता आणि बाहेर बाकावर बसून राहिलो असतो! एवढंच काम होतं माझं आणि तेवढंही तू मला करू दिलं नाहीस. पंचवीस वर्षं मला बारीक बघायला शिकवलंस. साल बघ, भेगा बघ, रंग बघ. आणि मी झाडं बघत राहिलो. माझ्याशेजारी उभा असलेला माणूस चाचपडतोय हे मला दिसलं नाही. तू मला पास करत नव्हतास. तू माझे डोळे वापरत होतास, आणि एका शब्दानं तसं सांगितलं असतंस तर मी दोन्ही काढून दिले असते.

मी वहिनीला विचारलं, "पण मग मोह का म्हणाला? मुरब्याला म्हणाला होता ना, नाय माहीत? तसं म्हणायचं."

ती म्हणाली, "वरीसभर तसाच करायचा तो. वळखू आला नाय, तर मोह समजून सोडायचा. बोलायचा, ऐन ऱ्हायला तर ऱ्हायला, पर चुकून मोह नको जळायला माझ्या हातानं."

हात टेकले. तुझ्यावर ओरडायला म्हणून काही शिल्लक ठेवायचं, तर तेही तू शिल्लक ठेवलं नाहीस. लहान झालेल्या त्या मोळ्या, रानात सोडून दिलेले ते सगळे "मोह", त्यांतला प्रत्येक मला आता आठवतो. कमी लाकडात घर चालवलंस, पण चुकूनही मोह जळू दिला नाहीस. मी आपला विचारतोय, रानातले सगळे मोह एकदम झोपले काय!

वहिनीनं कोयता आणला. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "ऐन हाय. जाळायचाच असतो तो." तिनं त्याचे तुकडे केले, चूल पेटवली, चहा ठेवला. लाकूड जराही रडलं नाही. एकसारखं, शांत जळत राहिलं, बॉयलरमध्ये जळायचं तसं. त्याच चुलीपुढं बसून तुझ्या हातचे शेंगदाणे कितीदा खाल्ले असतील. माझ्या पोरीच्या लग्नात आचाऱ्यानं विचारलं होतं, लाकडं कुणी निवडून दिली, एकसुद्धा धुरकट नाही. मी तुझ्याकडं बोट दाखवलं, तर तू मांडवाच्या खांबामागं लपलास. ते सांगितलं तर वहिनीला हसू आलं आणि मग रडू आलं.

चहा झाल्यावर तिनं पान काढलं. चुन्याची डबी उघडून बघितली, आणि मग चुलीच्या कडेला पडलेली सालीची राख बोटावर घेऊन पानावर ओढली. पांढरीशुभ्र राख. दुसऱ्या पानावरही ओढली आणि पान माझ्यापुढं धरलं. मी तंबाखू खात नाही, पान खात नाही, तुला ठाऊक आहे. घेतलं. चावलं.

जीभ पोळली, लहान्या. चांगली पोळली. डोळ्यांत पाणी आलं आणि वहिनीनं ते राखेमुळं आलं असं समजून मला तांब्या दिला.

ऐन होता तो. ऐनच होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, पान नसताना, लांबून, माझं बरोबर आलं. हे ऐकायला तू नाहीस, याच्याएवढा राग मला आयुष्यात कधी आला नाही. येताना मी ओहोळाच्या काठी गेलो, तो पडला होता त्या जागी उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ऐन!"

नाय म्हण ना रे. एकदा म्हण.